डिस्क दिसतात, पण मशीन बूट होत नाही: रेड कार्ड नि एचबीए हाताळायला लागलेल्यांसाठी

रेड कार्ड अनेक डिस्क मिळून एक डिस्क करून दाखवतं, एचबीए त्या मशीनला नुसत्या जोडतं. कार्डाच्या स्क्रीनवर चारही डिस्क दिसतात, त्यांच्या मिळून बनलेल्या व्हर्च्युअल डिस्कपुढे 'ऑप्टिमल', म्हणजे ठीक, लिहिलेलं असतं, आणि थोड्या वेळाने काळ्या स्क्रीनवर येतं 'नो बूट डिव्हाइस'. नवख्याचा हात लगेच डिस्क बदलायला किंवा विंडोज पुन्हा टाकायला जातो. तो हात आवरा. कार्ड 'ऑप्टिमल' म्हणत असेल तर डेटा बहुधा जागच्या जागी असतो, फक्त बूटचा रस्ता तुटलेला असतो.

हा रस्ता तीन ठिकाणी ठरतो: कार्डाच्या स्वतःच्या युटिलिटीत, मदरबोर्डाच्या बायोसमध्ये (मशीन चालू होताच आधी चालणारा बोर्डाचा प्रोग्राम) आणि ऑपरेटिंग सिस्टिम ज्या मोडमध्ये टाकली त्या मोडमध्ये (लेगसी ही बूटची जुनी पद्धत, यूईएफआय नवी). तिन्ही जुळले तरच मशीन उठतं. ट्रेनिंगमध्ये पहिलं शिकवतात, दुसरं उरकतात आणि तिसऱ्याचं नावही काढत नाहीत.

कार्डापासून सुरू करू. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सेकंडहँड मिळणारी एलएसआय ९२११-८आय किंवा त्याच एसएएस२००८ चिपवरची डेल एच२००, आयबीएम एम१०१५ ही कार्डं बहुतेकांच्या हाताखालून जातात. एलएसआयच्या युटिलिटीत सुरुवातीला कंट्रोल-सी दाबून शिरता येतं. तिथे 'बूट सपोर्ट' नावाच्या सेटिंगला चार पर्याय आहेत: बायोस आणि ओएस दोन्ही, फक्त बायोस, फक्त ओएस आणि डिसेबल्ड. 'फक्त ओएस'वर असेल तर विंडोज किंवा लिनक्स चालू झाल्यावर डिस्क व्यवस्थित दिसतात, पण त्यांच्यावरून बूट होत नाही. दुसरी भानगड विकणाऱ्याच्या टेबलावर होते. कार्ड आयटी मोडला (रेड न करता डिस्क थेट दाखवणारा मोड) फ्लॅश करताना बरेच जण फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आतला प्रोग्राम, टाकतात आणि बूटची रॉम फाइल मुद्दाम गाळतात, कारण त्याने पोस्ट (मशीन चालू होतानाची तपासणी) लवकर संपते. अशा कार्डावर कंट्रोल-सी कितीही दाबा, काही येणार नाही. कार्ड मेलेलं नाही, त्याच्यात बूट रॉमच नाही. फक्त डेटासाठी वापरायचं असेल तर तसंच राहू द्या.

डेलच्या एच७१०, एच७३० वगैरे पर्क नावाच्या रेड कार्डांना कंट्रोल-आर. मात्र मशीन यूईएफआय मोडमध्ये असेल तर कंट्रोल-आरची सूचना दिसतच नाही. तेव्हा एफ२ दाबून सिस्टिम सेटअपमध्ये 'डिव्हाइस सेटिंग्ज'खाली तेच सगळं सापडतं. 'कार्डाचा मेनू गायब झाला' म्हणून येणारे किती तरी कॉल इतकेच असतात.

आता मुख्य सापळा. याला जागा जास्त देतोय, कारण इथे चांगली चांगली माणसं रात्र घालवतात.

फोनवरचा सीनियर म्हणतो, "डिफॉल्ट लोड कर आणि बघ." हा सल्ला मला मनापासून नावडतो. डिफॉल्ट म्हणजे बोर्ड बनवणाऱ्याने ठरवलेलं सेटिंग, त्या ऑफिसात चार वर्षं चाललेलं नव्हे. मशीनवर विंडोज लेगसी मोडमध्ये टाकलेलं असेल आणि डिफॉल्ट यूईएफआय असेल, तर एका एंटरने रस्ता बंद. बायोसची सेटिंग जपणारा बोर्डावरचा सेल उतरल्यावरही हेच होऊ शकतं. सीआर२०३२ सेल मल्टीमीटरवर ३ व्होल्टच्या आसपास दिसायला हवा. शनिवार-रविवार मशीन बंद होतं आणि सोमवारी उठलं नाही, शिवाय बायोसमधली तारीखही मागे गेली असेल, तर आधी सेल बघा. मदरबोर्ड बदलल्यावर तर सगळी सेटिंग नवीच असतात. यूईएफआयमधली 'विंडोज बूट मॅनेजर'ची नोंदही बोर्डाच्या मेमरीत असते, त्यामुळे ती जुन्या बोर्डाबरोबर जाते.

मग इन्स्टॉल कुठल्या मोडमधलं आहे ते ओळखायचं कसं? विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूट करा, पहिल्या स्क्रीनवर शिफ्ट-एफ१० दाबा, काळी विंडो उघडेल. 'डिस्कपार्ट' आणि मग 'लिस्ट डिस्क' टाइप करा. उजवीकडे जीपीटीचा रकाना असतो (जीपीटी म्हणजे डिस्कवरच्या पार्टिशनची नोंद ठेवणारं नवं टेबल, एमबीआर हे जुनं). बूट डिस्कच्या ओळीत तिथे चांदणी (*) असेल तर इन्स्टॉल जवळजवळ नक्की यूईएफआयचं, नसेल तर लेगसीचं. यादीत डिस्कच नसेल तर सेटअपमधल्या 'लोड ड्रायव्हर'मधून कार्डाचा ड्रायव्हर द्या आणि पुन्हा बघा. उत्तर मिळालं की 'एक्झिट' टाइप करून बाहेर पडा. त्या विंडोत दुसरं काहीही टाइप करू नका.

पेनड्राइव्हचीही एक गंमत आहे. बूट मेनूत तो बहुधा दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा नावाआधी 'यूईएफआय' लावून. यातली जी ओळ निवडाल त्या मोडमध्ये इन्स्टॉल होतं. घाईत चुकीची ओळ निवडली की सेटअप सांगतं: डिस्कवर एमबीआर टेबल आहे, यूईएफआयमध्ये फक्त जीपीटी डिस्कवर विंडोज टाकता येतं. लगेच कोणी तरी व्हिडिओ बघतो, त्यातला माणूस डिस्क कोरी करणारी 'क्लीन' कमांड मारायला सांगतो, आणि पार्टीचं टॅली, पगारपत्रकं, सगळं हातातून जातं. नव्या कोऱ्या डिस्कसाठीचा उपाय चालत्या सर्व्हरवर वापरायचा नसतो, हे त्या व्हिडिओत सांगत नाहीत.

दिलासा एवढाच की नुसता मोड बदलून पाहिल्याने डेटाला धक्का लागत नाही. लेगसीवरून यूईएफआय, परत लेगसी, खुशाल करा. धोका डिस्कवर काही लिहिलं जातं तिथून सुरू होतो.

मोड जुळवताना दोन जागा बघायच्या. एक 'बूट मोड'. दुसरी ऑप्शन रॉमची, म्हणजे कार्डावरच्या बूट रॉमची. सुपरमायक्रोच्या बोर्डांवर ती प्रत्येक स्लॉटला वेगळी असते: डिसेबल्ड, लेगसी किंवा ईएफआय. बूट मोड लेगसी आणि कार्डाच्या स्लॉटची रॉम ईएफआय, असं अर्धवट राहिलं तर बाकी सगळं बरोबर असूनही कार्ड बूटच्या यादीत येत नाही. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवलंत तर हे सेटिंग त्याच्याबरोबर जात नाही, तेही लक्षात असू द्या. लेगसीमध्ये आणखी एक अडचण असते. सगळ्या ऑप्शन रॉमना मिळून जेमतेम १२८ केबी जागा मिळते. नेटवर्क कार्डांच्या पीएक्सई रॉमनी ती खाल्ली की स्टोरेज कार्डाची रॉम लोड होत नाही. नेटवर्कवरून बूट करायचं नसेल तर पीएक्सई बंद करा. यूईएफआयमध्ये ही तंगी नाही, पण तिथे सिक्युअर बूट चालू असेल तर डिजिटल सही नसलेला जुन्या कार्डाचा ड्रायव्हर अडवला जातो.

शेवटी क्रम. लेगसी मोडमध्ये बऱ्याच बोर्डांवर दोन याद्या असतात: एक बूट क्रमाची आणि तिच्या आत दुसरी हार्ड डिस्कच्या क्रमाची. पहिल्या यादीत 'हार्ड ड्राइव्ह' वर आणून उपयोग नाही, दुसऱ्या यादीत रेड कार्ड पहिलं हवं. बॅकअपची यूएसबी डिस्क लावून ठेवली की काही मशीनवर तीच वर उडी मारते.

बदल करण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. महापे-ऐरोलीकडे काही डेटा सेंटरमध्ये मोबाइल आत नेऊ देत नाहीत. तिथे रिमोट कन्सोलवरून स्क्रीनशॉट घ्या, नाही तर कागदावर लिहा. यात कंटाळा करणारा माणूस मला कितीही हुशार वाटला तरी त्याच्या हाती मी सर्व्हर देणार नाही.

नवीन इन्स्टॉल करताना २ टीबीची भिंत आठवा. एमबीआरमध्ये सेक्टर मोजायला ३२ बिट असतात. ५१२ बाइटच्या सेक्टरने हिशोब केला की २.२ टीबीच्या आसपास मोजणी संपते. २ टीबीच्या चार डिस्कचं रेड ५ (यात एका डिस्कएवढी जागा सुरक्षेसाठी जाते) केलं की ६ टीबी मिळतात. मशीन लेगसीच ठेवायचं असेल तर त्याच डिस्क ग्रुपवर आधी २०० जीबीची व्हर्च्युअल डिस्क ओएससाठी काढा, उरलेल्या जागेची दुसरी डेटासाठी, आणि मेगारेड (एलएसआयची रेड कार्डं) किंवा पर्कच्या युटिलिटीत पहिली बूटसाठी निवडा. इन्स्टॉल चालू असताना बाकीच्या डिस्क काढून ठेवल्या तर उत्तम, कारण दुसऱ्या डिस्कवर आधीच ईएफआय पार्टिशन असेल तर विंडोज आपला बूटलोडर तिथे नेऊन ठेवतं. सहा महिन्यांनी कोणी ती डिस्क काढली की मशीन ठप्प.

'फॉरेन कॉन्फिगरेशन फाउंड' हा संदेश वाचून घाबरू नका, पण वाचल्याशिवाय कळही दाबू नका. डिस्कवरची रेडची माहिती या कार्डाची नाही, एवढाच त्याचा अर्थ. कार्ड बदललं किंवा डिस्क दुसऱ्या मशीनमधून आणल्या तर हे व्हायचंच. अशा वेळी सगळ्या डिस्क जागेवर असताना 'इम्पोर्ट' करायचं. 'क्लिअर' डिस्कवरची रेडची रचना पुसतं. नवखे ते निवडतात, कारण संदेश गेला की काम झालंसं वाटतं. मात्र रेड ५ मधून दोन डिस्क वेगवेगळ्या दिवशी गळल्या असतील तर इम्पोर्टही आंधळेपणाने नको. आधी गळलेल्या डिस्कवर शिळा डेटा असतो, ती जबरदस्तीने ऑनलाइन आणली तर फाइली खराब होतात. कोण आधी गळली ते कार्डाच्या इव्हेंट लॉगमध्ये तारीख-वेळेसकट असतं. 'प्रिझर्व्ह्ड कॅश'चा संदेश आला तरी हेच: डिस्कपर्यंत न पोचलेला डेटा कार्डाने धरून ठेवलाय, 'डिस्कार्ड' म्हटलं की गेला.

कॅशबद्दल, म्हणजे कार्डाच्या तात्पुरत्या मेमरीबद्दल, फार बोलत नाही. बॅटरी चांगली असेल तर राइट बॅक (डेटा आधी कॅशमध्ये, मग डिस्कवर), नसेल तर राइट थ्रू (थेट डिस्कपर्यंत). सर्व्हर अचानक मंदावला की कार्डाची बॅटरी बघा, कारण ती गेली की बहुतेक कार्डं आपणहून राइट थ्रूवर जातात. वेग हवा म्हणून 'ऑलवेज राइट बॅक', म्हणजे बॅटरी नसतानाही राइट बॅक, लावून जाणारे लोक पुढच्या इंजिनीअरसाठी खड्डा खणून जातात.

सेकंडहँड कार्ड घेताना केबल तपासून घ्या. एसएफएफ-८०८७ (कार्डाकडचा कनेक्टर) ते चार साटा या केबलचे दोन प्रकार असतात, फॉरवर्ड आणि रिव्हर्स. दिसायला सारख्याच. कार्डाकडून डिस्ककडे जायला फॉरवर्ड लागते. रिव्हर्स लावली तर एकही डिस्क दिसत नाही आणि दोष कार्डावर येतो. पावसाळ्यात स्लॉटमध्ये बसणारे सोनेरी संपर्क काळवंडलेले दिसले तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, खोडरबराने घासू नका. ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनवलेली आहेत. रात्री एसी बंद होणाऱ्या ऑफिसात, टॉवर कॅबिनेटमध्ये, हीटसिंकवर ४० मिमीचा पंखा लावाच.

काम झाल्याची गिऱ्हाइकाची सही घेण्याआधी नुसतं रीस्टार्ट करून बघू नका. रीस्टार्टमध्ये डिस्क फिरतच असतात. शटडाउन करा, पॉवर केबल काढा, मिनिटभर थांबा आणि मग चालू करा. डिस्क जास्त असल्या तर कार्ड त्यांना टप्प्याटप्प्याने फिरवतं, आणि बायोस तोवर थांबत नसेल तर ते याच वेळी कळतं.