विषय एक, कपाटं चार: विद्यापीठाच्या ग्रंथालयात संदर्भ कसे शोधावेत

सामाजिक शास्त्रांतला कुठलाही विषय ग्रंथालयात एका जागी बसलेला नसतो. ड्युई दशांश वर्गीकरणात (पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देण्याच्या पद्धतीत) स्थलांतर ३०४.८ ला, आंतरराष्ट्रीय स्थलांतर ३२५ ला, मजुरांचं अर्थकारण ३३१ ला आणि त्याच माणसांचा इतिहास ९०० च्या घरात. एकाच कपाटासमोर उभं राहून संदर्भ गोळा केले, तर विषयाची एकच बाजू हाती येते.

म्हणून आधी कॅटलॉग उघडा. विषयाला नेमकं लागू पडणारं एक पुस्तक शोधा आणि त्याच्या नोंदीतली विषयशीर्षकं पाहा. ती ग्रंथपालांनी ठरावीक शब्दसंग्रहातून दिलेली असतात. त्यांवर क्लिक केलं की शीर्षकात तुमचा शब्द नसलेली पुस्तकंही समोर येतात.

लेखांसाठी डेटाबेस. एका संकल्पनेचे पर्यायी शब्द ‘ऑर’ने जोडून कंसात टाका, वेगवेगळ्या संकल्पना ‘अँड’ने जोडा, सलग शब्द हवे असतील तर अवतरणचिन्हं द्या. शब्दाची रूपं पकडायला शब्दाच्या सुरुवातीच्या अक्षरांपुढे द्यायचं तारांकन (*) असतं, पण ते कुठे द्यायचं हे पाहावं लागतं. इंग्रजी ‘मायग्रेशन’ची पहिली सहा अक्षरं घेतली तर ‘मायग्रंट’ निसटतो. पाच घेतली तर तो सापडतो, पण सोबत ‘मायग्रेन’ म्हणजे डोकेदुखीचे लेखही येतात (शब्दशः डोकेदुखी). तेव्हा पाच अक्षरं घ्या आणि ‘नॉट’ लावून मायग्रेन वगळा.

प्रत्येक साधनाचा स्वभाव वेगळा. जेस्टोर या नियतकालिकांच्या डिजिटल संग्रहात अनेक नियतकालिकांचे शेवटच्या ३ ते ५ वर्षांचे अंक नसतात; प्रकाशकांशी तसा करारच असतो. तिथे काही मिळालं नाही म्हणजे नवं काही लिहिलंच गेलं नाही, असं समजू नका. शिवाय तिथल्या पुष्कळ लेखांना सारांश नाही, त्यामुळे फक्त सारांशात शोधलं तर चांगले लेख गळतात. गूगल स्कॉलर एका शोधाचे जास्तीत जास्त १,००० निकाल दाखवतं, वर लाखांचा आकडा दिसला तरी.

चांगला लेख मिळाला की दोन्ही दिशांना जा. त्याच्या तळटीपांतून मागे, आणि ‘साइटेड बाय’वरून, म्हणजे त्याचा संदर्भ देणाऱ्या नंतरच्या लेखांच्या यादीवरून, पुढे. मानव्यविद्यांत हीच वाट जास्त फळते, कारण तिथली शीर्षकं अनेकदा अलंकारिक असतात आणि शब्दशोधात सापडत नाहीत.

तारीख, डेटाबेस, शोधाची ओळ जशीच्या तशी आणि निकालांची संख्या वहीत टिपा. कंटाळवाणं आहे, पण हे नसेल तर दोन महिन्यांनी तोच शोध पुन्हा घ्यावा लागतो. संदर्भ झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवा. लेख आपोआप आयात झाला तरी लेखकाचं नाव, वर्ष आणि पृष्ठक्रमांक तिथल्या तिथे तपासा.

सर्वेक्षणाची आकडेवारी हवी असेल तर मिशिगन विद्यापीठातला आयसीपीएसआर हा १९६२ पासूनचा मोठा साठा आहे. फाइल उघडण्याआधी कोडबुक, म्हणजे कुठल्या आकड्याचा अर्थ काय हे सांगणारी पुस्तिका, वाचा. ‘उत्तर दिलं नाही’ यासाठी बऱ्याचदा ९९ सारखा आकडा असतो. तो न काढता सरासरी वय काढलं तर नमुना उगाच म्हातारा होतो. भारांक (प्रत्येक उत्तराला किती वजन द्यायचं ते सांगणारे आकडे) दिले असतील तर तेही वापरा, नाहीतर मुद्दाम जास्त घेतलेले गट निष्कर्षावर स्वार होतात.

अभिलेखागारात जाण्यापूर्वी दप्तरांची सूची वाचून क्रमांक आधीच कळवा. अनेक ठिकाणी पेट्या दुसऱ्या इमारतीतून आणाव्या लागतात. शाईचं पेन चालत नाही, पेन्सिल न्या. फोटोला परवानगी असेल तर पहिला फोटो पेटीच्या चिठ्ठीचा, दुसरा फाइलच्या मुखपृष्ठाचा आणि मग कागदांचा. हा क्रम चुकला, तर घरी आल्यावर शेकडो फोटो असतात आणि कुठला कागद कुठल्या फाइलीतला हे सांगता येत नाही. असा कागद तळटीपेत देता येत नाही.