गुंगी आणणारी दोन औषधे एकत्र घेताना या चुका टाळा

“दोन्ही गोळ्या डॉक्टरांनीच दिल्या आहेत” हे वाक्य गेली सव्वीस वर्षे मी औषधांच्या दुकानात ऐकत आलो आहे, आणि गिऱ्हाईक ते जितक्या निर्धास्तपणे म्हणते तितका मी सावध होतो. डॉक्टर दोन असतील, तर दुसऱ्याने पहिल्याची चिठ्ठी पाहिली आहे का, हा माझा पहिला प्रश्न असतो आणि बहुतेक वेळा उत्तर “नाही” असेच येते. गुंगीची दोन औषधे एकत्र देणे प्रत्येक वेळी चूकच असते असे नाही. मात्र ती दोन आहेत हे देणाऱ्याला ठाऊक असावे लागते.

सत्तरी ओलांडलेल्या एक निवृत्त शिक्षिका बरीच वर्षे रात्री “टेन्शनची गोळी” घेत होत्या, म्हणजे एस्सिटॅलोप्रॅम आणि गुंगी आणणारे क्लोनाझेपाम एकत्र असलेली गोळी. पुढे कंबरेतून पायात कळा येऊ लागल्या, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी प्रीगाबालिन आणि नॉर्ट्रिप्टिलीन असलेली “नसांची गोळी” लिहून दिली. आणखी काय चालू आहे, असे त्यांनी विचारलेही होते. बाईंनी फक्त बीपीची गोळी सांगितली, कारण टेन्शनच्या गोळीला त्या औषधात धरतच नसत. ती चिठ्ठी संध्याकाळच्या गर्दीत माझ्याच काउंटरवर आली, आणि दर महिन्याला त्यांची जुनी गोळी मीच देत असूनही त्या दिवशी मला ती आठवली नाही. रात्री अकराला दोन्ही गोळ्या घेऊन झोप येईना, म्हणून एक वाजता त्यांनी दोन्ही पुन्हा घेतल्या. सकाळी मुलाचा फोन आला: “काका, आई उठतच नाहीये, घशातून घरघर येतेय.” दोन दिवस ऑक्सिजनवर काढून बाई घरी आल्या.

क्लोनाझेपामचे शरीरातील प्रमाण निम्मे व्हायला साधारण तीस ते चाळीस तास लागतात, त्यामुळे रोज घेणाऱ्याच्या अंगात कालची गोळी आज रात्रीही बऱ्यापैकी शिल्लक असते. प्रीगाबालिन मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते आणि वयानुसार त्यांचे काम मंदावते. त्यात भर म्हणजे ही औषधे नुसती झोप आणत नाहीत, श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या भागालाही मंद करतात, आणि दोघांचा परिणाम एकमेकांत मिळतो. वृद्ध, दम्याचे किंवा फुफ्फुसाचे जुने रुग्ण आणि झोपेत घोरता घोरता ज्यांचा श्वास अडकतो अशी माणसे यांना धोका अधिक. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए हिने २०१९ मध्ये प्रीगाबालिन आणि त्याच जातीचे गाबापेंटिन यांबाबत नेमका हाच इशारा दिला. ट्रामाडॉलसारखी अफूवर्गीय वेदनाशामके आणि अल्प्राझोलामच्या जातीच्या (क्लोनाझेपामही त्यातलेच) गोळ्या एकत्र घेण्याबाबतचा तिचाच कडक इशारा २०१६ चा आहे.

“अजून झोप आली नाही” म्हणून घेतलेली दुसरी गोळी ही माझ्या मते सर्वांत वाईट घाई. नव्याने गोळी सुरू केलेली माणसे ती दिव्याच्या बटणासारखी लागावी अशी अपेक्षा करतात. रात्रीचा डोस ठरला असेल तेवढाच घ्यावा, झोप नाही आली तर जागे राहावे आणि सकाळी डॉक्टरांना फोन करावा. एका रात्रीच्या जागरणाने कुणी मरत नाही.

मी स्वतः गिऱ्हाइकाला घरातल्या सगळ्या स्ट्रिप एका पिशवीत घालून आणायला सांगतो आणि त्यांतल्या गुंगी आणणाऱ्या स्ट्रिपवर स्केचपेनने “झोप” असे लिहून देतो. मोठ्या अक्षरातले कंपनीचे नाव सोडून खालचे बारीक नाव वाचावे: शेवटी “झेपाम” किंवा “झोलाम” आले तर औषध एकाच घराण्यातले. दोन वेगळ्या नावांनी तीच गोळी दुप्पट घेणारेही मी पाहिले आहेत.

दारू यांपैकी कशाबरोबरच चालत नाही, “एकच पेग” सुद्धा नाही. सर्दी-खोकल्याच्या औषधातले क्लोरफेनिरामिनही गुंगीच आणते. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक अल्प्राझोलामचे रक्तातले प्रमाण वाढवते. हा लेख वाचून घाबरून जुनी गोळी एकदम बंद करू नये, त्याने झटके येऊ शकतात. डोस डॉक्टरांकडूनच हळूहळू उतरवून घ्यावा. अल्प्राझोलाम, ट्रामाडॉल किंवा झोपेची गोळी झोलपिडेम देताना २०१४ पासून आम्हाला डॉक्टरांचे नाव-पत्ता आणि रुग्णाचे नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावे लागते. त्यावर कुरकुर करणाऱ्यांसाठी माझ्याकडे वेळ नाही.

माणूस हाक मारून, हलवून उठत नसेल, श्वास संथ किंवा घरघरता असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर कॉफी पाजत किंवा उलटी काढायला लावत बसू नये. लगेच १०८ ला फोन करावा, त्याला कुशीवर वळवून श्वासाकडे लक्ष ठेवावे, आणि रिकाम्या स्ट्रिपसुद्धा सोबत न्याव्यात. बाईंच्या मुलाने दोन्ही स्ट्रिप शर्टाच्या खिशात कोंबून नेल्या होत्या, म्हणून काय घेतले आणि किती, हे तिथल्या डॉक्टरांना विचारत बसावे लागले नाही.