स्वस्तातली नॉन-अल्कोहोलिक बिअर: कशी निवडावी, कशी चाखावी

सांगली, मिरज, कराड किंवा साताऱ्यातल्या कोणत्याही बऱ्यापैकी सुपरमार्केटमध्ये थंड पेयांच्या फ्रिजपाशी उभे राहिले, तर कोल्ड्रिंकच्या शेजारी आता नॉन-अल्कोहोलिक बिअरचाही एक कप्पा दिसतो. त्यात बडवायझर आणि हायनेकनचे 'झिरो झिरो' लिहिलेले कॅन असतात, लिंबाच्या चवीचे किंगफिशर रॅडलर असते आणि पीच, पुदिना, आले अशा चवींतल्या कूलबर्गच्या बाटल्याही असतात. यांतल्या बऱ्याच बाटल्या शंभर रुपयांच्या आसपास मिळतात आणि हे मार्गदर्शन तेवढ्याच खर्चात चांगली चव शोधणाऱ्यांसाठी आहे. अनेक जण कुतूहलाने एखादी बाटली घेतात, ती सरबतासारखी गोड किंवा पाण्यासारखी पचपचीत लागली की पुन्हा त्या कप्प्याकडे पाहतही नाहीत, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण बहुतेक वेळा दोष या पेयप्रकाराचा नसून निवडीचा आणि पिण्याच्या पद्धतीचा असतो. माझे मत असे की या पेयाची परीक्षा कडूपणावर करावी. गोडी साखरेने आणता येते आणि सुवास अर्काने आणता येतो, परंतु घोट गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला क्षणभर रेंगाळून स्वच्छपणे नाहीसा होणारा कडूपणा स्वस्त बाटलीत सापडला, तर ती बाटली नीट बनवली आहे असे समजायला हरकत नाही.

आधी हे पेय बनते कसे ते पाहू, कारण चवीतले जवळजवळ सगळे गुणदोष तिथूनच येतात. सातूला मोड आणून, वाळवून आणि भाजून माल्ट तयार होतो. तो दळून गरम पाण्यात भिजवला की त्यातल्या पिष्टाची साखर होते आणि एक गोड काढा मिळतो. हा काढा हॉप्स नावाच्या वेलीच्या बोंडांसह उकळला जातो, आणि त्या उकळण्यातच हॉप्समधील आम्लांचे रूप बदलून बिअरचा ओळखीचा कडूपणा उतरतो. पुढे यीस्टने ही साखर खाल्ली की मद्यार्क आणि वायू तयार होतात, यालाच किण्वन म्हणतात. नॉन-अल्कोहोलिक बिअर करताना इथून वाटा फुटतात. पहिल्या वाटेने पूर्ण बिअर तयार करून तिच्यातला मद्यार्क काढून टाकतात: मद्यार्क एरवी ७८ अंश सेल्सिअसला उकळतो, पण हवेचा दाब पुष्कळ कमी केला की तो ४० अंशांच्या आसपासही उडून जातो, त्यामुळे बाकीची चव फारशी करपत नाही, काही कारखाने हेच काम अतिसूक्ष्म गाळणीतून करतात. दुसऱ्या वाटेने किण्वन सुरू होते न होते तोच थांबवतात, किंवा माल्टमधील मुख्य साखर न खाणारे यीस्ट वापरतात. तिसरी वाट सर्वांत स्वस्त आहे आणि तिच्यात किण्वन होतच नाही: वायुयुक्त पाणी, साखर, माल्टचा अर्क, हॉप्सचा अर्क आणि थोडे सायट्रिक आम्ल एकत्र करून पेय तयार केले जाते.

तीनही वाटांची चव वेगळी असते आणि थोड्या सवयीने ती ओळखता येते. मद्यार्क काढलेली बिअर कोरडी, कडवट आणि अंगाने थोडी पातळ लागते, कारण मद्यार्काबरोबर सुवासाचाही काही भाग उडून जातो आणि मद्यार्कामुळे घोटाला येणारा भरीवपणा उरत नाही. किण्वन अर्ध्यावर थांबवलेल्या बिअरमध्ये काढ्याची गोडी आणि कच्चा वास मागे राहतो. तो वास आपल्या भागातल्या माणसाला सांगायचा तर गुऱ्हाळावरच्या गरम काकवीच्या जवळ जाणारा आहे, आणि कधीकधी त्यात उकडलेल्या बटाट्याची छटाही येते. पूर्ण किण्वनात हे वास निर्माण करणारे घटक यीस्ट नष्ट करते, इथे त्याला तेवढी सवड मिळत नाही. हा वास अगदी सौम्य असेल तर मला तो आवडतो, परंतु ग्लास नाकाशी नेताच तोच पुढे आला तर ती बाटली पुन्हा घेऊ नये. तिसऱ्या प्रकारच्या पेयात पहिल्यांदा साखर, मग फळाचा अर्क आणि शेवटी पुसटसा माल्ट जाणवतो. उन्हाळ्यात कोल्ड्रिंकऐवजी ते घेणे ठीक आहे, मात्र बिअरची चव शोधणाऱ्याने त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

आपल्या हातातली बाटली कोणत्या वाटेने आली आहे, हे दुकानातच बाटली उलटी करून लेबल वाचल्यास बरेचसे कळते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. पाण्यानंतर लगेच साखर आली आणि माल्ट व हॉप्स 'अर्क' म्हणून शेवटी आले, तर ते गोड माल्ट पेय आहे असे धरून चालावे. पाणी, सातूचा माल्ट, हॉप्स आणि यीस्ट एवढीच छोटी यादी असेल, किंवा घटकांतच 'डीअल्कोहोलाइज्ड बिअर', म्हणजे मद्यार्क काढलेली बिअर, असे लिहिले असेल, तर ती बाटली चाखून पाहण्याजोगी आहे. त्यानंतर पोषणमूल्यांच्या तक्त्यात १०० मिलिलिटरमागे किती साखर आहे ते पाहावे. समजा तिथे ८ ग्रॅम लिहिले आहे, तर ३३० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे २६ ग्रॅम साखर झाली, आणि २००० किलोकॅलरीच्या आहारात दिवसभराची वरून घातलेल्या साखरेची मर्यादा ५० ग्रॅम धरली जाते, म्हणजे निम्म्याहून अधिक वाटा एकाच बाटलीत संपला. माझ्या अनुभवात १०० मिलिलिटरला ४ ग्रॅमच्या वर साखर गेली की कडूपणा दबू लागतो, म्हणून मी शक्यतो त्याच्या खालचीच बाटली निवडतो.

लेबलवर आणखी एक गोष्ट पाहायची ती मद्यार्काचे प्रमाण. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार आकारमानाने ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त मद्यार्क असलेले पेय मद्य मानले जाते. त्यामुळे 'नॉन-अल्कोहोलिक' या शब्दाचा अर्थ दरवेळी शून्यच असेल असे नाही. ज्यांना धार्मिक कारणाने, औषधोपचारामुळे किंवा गरोदरपणामुळे थेंबभरही नको असेल त्यांनी '०.०' असे स्पष्ट छापलेलीच बाटली घ्यावी आणि उपचार चालू असल्यास डॉक्टरांना आधी विचारावे. ज्यांनी प्रयत्नपूर्वक दारू सोडली आहे त्यांच्यासाठी तर हा वास आणि ही चव हीच जुनी ओढ जागी करणारी ठरू शकते, म्हणून अशा पाहुण्यापुढे न विचारता ही बाटली ठेवू नये. सातूमध्ये ग्लुटेन हे गव्हातही असणारे प्रथिन असते, तेव्हा गव्हाची ॲलर्जी किंवा सिलिअॅकचा (ग्लुटेन न सोसणारा आतड्याचा आजार) त्रास असणाऱ्यांनीही दूर राहिलेले बरे.

बाटली कुठे ठेवलेली होती यालाही महत्त्व आहे, आणि आपल्याकडे ते अधिकच आहे, कारण एप्रिल-मे महिन्यांत सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो आणि दुकानाच्या काचेपाशी मांडलेल्या बाटल्या दिवसभर उन्हात तापत असतात. प्रकाश पडला की हॉप्समधील कडू घटकांचे विघटन होऊन एक उग्र, कुबट दर्प तयार होतो. तपकिरी काच हा प्रकाश बऱ्याच अंशी अडवते, हिरवी आणि पांढरी काच फारसा अडवत नाही, आणि कॅनमध्ये तो शिरतच नाही. उष्णतेने पेय लवकर जुने होते आणि त्याला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. म्हणून स्वस्तातला सर्वांत सुरक्षित सौदा म्हणजे सावलीत ठेवलेला, अलीकडची उत्पादन-तारीख असलेला कॅन. सवलतीत मिळणाऱ्या मालावर तारीख हमखास पाहावी. मुदत संपत आलेली बाटली निम्म्या किमतीत मिळाली तरी तिच्यात हॉप्सचा सुवास फारसा उरलेला नसतो.

घरी आणल्यावर ती फ्रिजमध्ये उभी ठेवून किमान तीन-चार तास गार होऊ द्यावी. घाई असेल तर बर्फ आणि पाणी भरलेल्या भांड्यात पंधरा-वीस मिनिटे बुडवावी. फ्रीझरमध्ये टाकून विसरू नये, कारण मद्यार्क नसल्याने ही बिअर साध्या बिअरपेक्षा लवकर गोठते आणि बाटली फुटू शकते. पिताना तापमान ५ ते ७ अंशांच्या दरम्यान असावे. त्याहून गार केल्यास जीभ बधिर होते, गोडी आणि वास दोन्ही लपतात. ज्यांना फक्त तहान भागवायची आहे त्यांना ते चालेल, पण पारख करायची असेल तर फ्रिजमधून काढून दोन-चार मिनिटे थांबावे. पेयात बर्फ घालू नये, कारण आधीच पातळ असलेले पेय त्याने आणखी पातळ होते.

ग्लास काचेचा, उभट आणि पूर्णपणे तेलकटपणाविरहित असावा. फोडणीच्या भांड्यांबरोबर एकाच घासणीने धुतलेल्या ग्लासात फेस धरत नाही, म्हणून तो वेगळा धुऊन, भरपूर पाण्याने खळबळून, उपडा घालून वाळवावा. ओतताना ग्लास तिरका धरून कडेवरून निम्म्यापर्यंत ओतावे, मग ग्लास सरळ करून उरलेले मध्यभागी थोड्या उंचीवरून सोडावे, म्हणजे वर दोन बोटे फेस येतो. आता तो फेस पाहावा. माल्टमधील प्रथिने आणि हॉप्सचे कडू घटक मिळून चांगला फेस बनतो. त्याचे बुडबुडे बारीक असतात, तो दोन-तीन मिनिटे टिकतो आणि प्रत्येक घोटागणिक काचेवर पांढरी जाळीदार कडी सोडत खाली उतरतो. सोड्यासारखा चरचरत अर्ध्या मिनिटात विरून जाणारा, मोठ्या बुडबुड्यांचा फेस दिसला, तर माल्ट कमी आणि साखर जास्त असल्याचा संशय घ्यावा.

मग चाखावे. पहिला घोट घेण्यापूर्वी ग्लास नाकाशी नेऊन भाजलेल्या धान्याचा, पावाचा, गवताचा किंवा लिंबाच्या सालीचा वास येतो का ते पाहावे. पहिल्या घोटावर मत बनवू नये, कारण गार वायूच्या चरचरीत बाकी काही कळत नाही. दुसरा घोट तोंडात फिरवून गिळावा आणि मनात पाचपर्यंत मोजावे: गोडी आधी संपते आणि कडूपणा मागे राहतो, की कडूपणा आधी संपून ओठांवर चिकट गोडी उरते? पहिल्या प्रकारची बाटली ठेवणीतली, दुसऱ्या प्रकारची फक्त पाहुण्यांच्या मुलांना कोल्ड्रिंक म्हणून द्यावी असे कुणाला वाटेल, पण मुलांना बिअरच्या रूपातले पेय देऊ नये असेच मी सुचवीन. शेवटचे दोन घोट ग्लासात मुद्दाम ठेवून पंधरा मिनिटांनी चाखावेत. गारवा गेला की लपलेला प्रत्येक दोष वर येतो, आणि कोमट झाल्यावरही जी प्यावीशी वाटते ती बाटली पैसे वसूल करणारी. ऊस, द्राक्षे आणि बेदाण्याच्या या पट्ट्यात गोडाची पारख कुणाला शिकवावी लागत नाही. कडूपणाशी मात्र ओळख करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी दोन वेगळ्या कंपन्यांचे कॅन एकाच संध्याकाळी, घरच्या कुणाला तरी पाठमोरे ओतायला सांगून, शेजारी शेजारी चाखणे हा उत्तम उपाय आहे. मधे साधे चुरमुरे आणि पाण्याचा घोट घेतला की जीभ कोरी होते.

सोबत खायला सांगलीचे भडंग घ्यावे. मीठ कडूपणाला दाबते, लसणाचा तळलेला खरपूस वास माल्टच्या भाजलेल्या वासाशी जुळतो, आणि वायूमुळे तेलकटपणा धुऊन निघतो. झणझणीत रश्शाबरोबर मात्र कडवट आणि जास्त वायूची बिअर तिखटाची आग वाढवते, तिथे थोडी गोडसर, लिंबाची बाटलीच बरी पडते. साताऱ्याचे कंदी पेढे या पेयाबरोबर खाऊ नयेत, कारण पेढ्यानंतरचा घोट पाणचट आणि नुसता कडू लागतो.

आणि बाटली उघडल्यावर ती फारच गोड निघाली, तर ओतून देण्याची गरज नाही. पाऊण ग्लास पेयात पाव ग्लास गार साधा सोडा, अर्ध्या लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ घालून हलक्या हाताने एकदाच ढवळावे आणि फेस बसण्याच्या आत प्यावे.