समुद्रफेसात चांदी ओतताय? मग या चुका टाळा

घरी चांदी ओतायची तर सगळ्यात स्वस्त साचा म्हणजे समुद्रफेस. माकुलाच्या पाठीतलं ते पांढरं हाड, कोकणात किनाऱ्यावर पडलेलं सापडतं नाहीतर लव्हबर्डच्या दुकानात चोच घासायला म्हणून मिळतं. दोन तुकडे सँडपेपरवर सपाट घासा, मध्ये अंगठीचा नमुना दाबा, वर नरसाळं कोरा, बाइंडिंग वायरने, म्हणजे बारीक लोखंडी तारेने, आवळा आणि ओता. ऐकायला एवढं सोपं आहे म्हणूनच घोळ होतो. सकाळी रील बघितलं, दुपारी मूस, म्हणजे चांदी वितळवायची वाटी, मागवली आणि आता "दादा, अंगठी अशी का आली?" म्हणून फोटो. फोटो न बघताच मी विचारतो, साचा वाळवला होता का?

"हाताला तर कोरडा लागत होता." लागणारच हो! ते हाड आतून बारीक बारीक कप्प्यांचं असतं, जिवंत माकुल त्यातच पाणी आणि हवा कमी-जास्त करून तरंगतं, म्हणजे पाणी धरून ठेवायलाच ते बनलंय, तुमच्या दोन तासांच्या उन्हाने त्याचं काय होणार?

माझा भाचा गणपतीत हर्णैला गेला होता, तिथून पिशवीभर समुद्रफेस घेऊन आला, खारट वास येतो म्हणून नळाखाली चांगलं चोळून धुतलं आणि एक दिवस पंख्याखाली ठेवलं. मी म्हटलं राहू दे, दिवाळीनंतर बघू. ऐकतोय कुठला. मी घरात नसताना मित्राला बोलावून बाल्कनीत बसला ओतायला. चांदीचा रस आत गेला आणि फोडणीत ओली मिरची पडावी तसा उसळून नरसाळ्यातून परत वर आला, एक थेंब बुटाच्या नाडीवर पडला, बाकी सगळे खाली सिमेंटच्या कोब्यावर, आणि कोब्यातही ओल असतेच, त्यामुळे तिथलेही टवके उडाले. डोळ्यावर चष्मा होता म्हणून निभावलं. अंगठीच्या जागी बुडबुड्यांची जाळी निघाली, ती मी मुद्दाम ठेवलीये, नवीन कोणी आलं की आधी तीच हातात देतो.

माझी सवय सांगतो. समुद्रफेस वर्तमानपत्रात गुंडाळून सेटटॉप बॉक्सवर ठेवायचं, तो कायम कोमट असतो. दर रविवारी छोट्या वजनकाट्यावर वजन करायचं, दोन रविवार आकडा हलला नाही की साचा वापरायचा. पावसाळ्यात मी ओततच नाही, कंटाळा म्हणा हवं तर. आणि खाली कोरड्या वाळूचा ट्रे असल्याशिवाय गॅसचा टॉर्च पेटवायचा नाही, यावर चर्चा नाही.

दुसरं दुखणं म्हणजे रस. ९२५ चांदी, म्हणजे साडेब्याण्णव टक्के चांदी आणि बाकी बहुतेक तांबं, ८९३ अंशांच्या आसपास पूर्ण वितळते, शुद्ध चांदीला ९६१ लागतात. केकवरची साखर जाळायच्या टॉर्चने दोन-तीन ग्रॅम कसेबसे होतील, पंधरा ग्रॅमचं स्वप्न बघू नका. रस आरशासारखा चकाकला पाहिजे आणि मूस हलवली की गोळी सरसर फिरली पाहिजे. इथपर्यंत बरेच जण नीट येतात आणि मग ओतताना ज्वाला बाजूला घेतात! मुशीच्या ओठावरच चांदी गोठते, अर्धी अंगठी येते आणि दोष साच्याला. शेवटचा थेंब जाईपर्यंत ज्वाला रसावरच ठेवायची. पण म्हणून उकळवत बसायचं नाही, वितळलेली चांदी हवेतला ऑक्सिजन भरपूर ओढून घेते आणि गोठताना बाहेर फेकते, त्याचीच ती बारीक भोकं.

चांदी मोजून घ्या. नमुना सिरिंजमधल्या पाण्यात बुडवा, पाणी जितके मिली चढेल त्याला १०.४ ने गुणा, तेवढे ग्रॅम. मी त्याच्या दुप्पट घेतो, कारण नरसाळ्यात जाड गोळा राहिला तरच अंगठी आकसताना वरून रस ओढते. उरलेलं कापून पुढच्या वेळी वितळवायचं, वाया काही जात नाही.

हवा जायला साच्यात बारीक रेघा ओढा, नाहीतर कडा भरत नाहीत.

वितळताना चांदीवर टाकायचा टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, चिमूटभर. मूठभर टाकलात की त्याची काच अंगठीत खड्डे करून बसते.

भंगारातली पितळी तोटी वितळवून "प्रॅक्टिस" करणाऱ्यांनो, पितळेत जस्त असतं आणि जस्त ९०७ अंशांना उकळतं, म्हणजे पितळ वितळेस्तोवर त्याचा पांढरा धूर सुरू. रात्री थंडी वाजून ताप येतो तो याचाच. केडीएमचे जोड असलेले जुने दागिने तर मुशीत टाकूच नका, त्यात कॅडमियम असतं आणि ते जस्ताच्याही आधी उडतं, ते प्रकरण तापावर थांबत नाही.

काळी पडलेली अंगठी गरम लिंबूसत्त्वाच्या पाण्यात टाकली की साफ होते. काहींना थेट अॅसिडच हवं असतं, पाच मिनिटं वाचतात म्हणे. लिंबूसत्त्वाच्या त्या पाण्यात लोखंडी चिमटा घालू नका आणि बाइंडिंग वायरचा तुकडा चिकटलेला नाही ना तेही बघा, नाहीतर अंगठीवर तांब्याचा गुलाबी थर चढतो आणि मग पुन्हा मलाच फोटो येतो.