एआय एजंटसाठी डॉक्युमेंटेशन लिहायचंय? मग हे वाचा

टेक्निकल रायटिंगमध्ये नवीन आलेली मुलं हल्ली हमखास विचारतात की एजंटच्या (म्हणजे स्वतः टूल वापरून काम करणाऱ्या एआय मॉडेलच्या) टूलचं डॉक्युमेंटेशन म्हणजे नक्की करायचं काय, तर माझ्या कामातलं जे आहे ते सांगते. माझ्याकडे टूल आलं मेटाडेटा लुकअपचं, मेटाडेटा म्हणजे डेटाबद्दलची माहिती. म्हणजे मल्टीडायमेन्शनल डेटाबेसला आकडे विचारायच्या आधी तिथे क्यूब (आकड्यांचे साठे) कोणते, डायमेन्शन (तारीख, ग्राहक अशा बाजू) कोणती, त्यात मेंबर (2013, ऑस्ट्रेलिया अशा नोंदी) कोणते हे एजंटने या टूलमधून बघून घ्यायचं. खाली मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅनालिसिस सर्व्हिसेस (हा तो डेटाबेस) आणि एमडीएक्स (त्याला प्रश्न विचारायची भाषा) क्वेरी, वर एजंटला जोडणारा एमसीपी सर्व्हर. एमसीपी म्हणजे अँथ्रॉपिकने नोव्हेंबर 2024 मध्ये आणलेला प्रोटोकॉल, त्यात प्रत्येक टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा (काय माहिती कुठल्या स्वरूपात द्यायची ते) मॉडेलपुढे ठेवला जातो.

आता गंमत अशी की ते दोन-चार ओळींचं वर्णन हेच तुमचं मुख्य डॉक्युमेंट, बाकीची पानं डेव्हलपरसाठी. माणसाला कळलं नाही तर तो शेजारच्याला विचारतो, एजंट बऱ्याचदा अंदाजपंचे पुढे जातो.

मायक्रोसॉफ्टचा अ‍ॅडव्हेंचर वर्क्स नावाचा सॅम्पल क्यूब आहे, त्यावरच समजून घ्या. कोणी विचारलं "ऑस्ट्रेलियात विक्री किती?" तर ऑस्ट्रेलिया नावाचा मेंबर कस्टमर जिओग्राफीत आहे, रिसेलरच्या जिओग्राफीत आहे आणि सेल्स टेरिटरीतही आहे, आणि तिन्हींचा अर्थ वेगळा. म्हणून टूलने नुसतं नाव देऊन भागत नाही, युनिक नेम (मेंबरचा पूर्ण पत्ता) द्यावं लागतं, ते साधारण [डेट].[कॅलेंडर].[कॅलेंडर इयर].&[2013] अशा बांध्याचं असतं. त्यातला & म्हणजे पुढे 'की' (key, मेंबरची आतली ओळख) आहे, कॅप्शन (दिसणारं नाव) नाही. मॉडेलला हा बांधा ओळखीचा असतो, त्यामुळे लुकअप न करता स्वतःच नाव रचायचा मोह त्याला होतोच होतो, आणि ते नाव चुकलं की एरर येईलच असं नाही! डायमेन्शनच्या सेटिंगप्रमाणे न सापडलेला मेंबर गुपचूप वगळला जाऊ शकतो, रिकामं उत्तर येतं आणि एजंट छातीठोकपणे सांगतो की विक्री शून्य. मला विचाराल तर या कामातली सगळ्यात घातक जागा हीच.

डेव्हलपरने दिलेलं मूळ वर्णन होतं "क्यूबचा मेटाडेटा परत करते", बास एवढंच. ते खोटं नाही पण निरुपयोगी आहे. मी लिहिलं ते मराठीत सांगायचं तर असं: "क्वेरी लिहिण्याआधी हे टूल वापर. वापरकर्त्याने घेतलेलं नाव दे, जुळणारे मेंबर त्यांच्या युनिक नेम, हायरार्की (वर्ष-तिमाही-महिना अशी उतरंड) आणि पॅरेंटसकट (वरच्या मेंबरसकट) मिळतील. युनिक नेम जसंच्या तसं क्वेरीत टाक, स्वतः रचू नकोस. एकापेक्षा जास्त जुळले तर वापरकर्त्याला विचार. काहीच जुळलं नाही तर नाव सापडलं नाही असं सांग, आकडा शून्य आहे असं धरू नकोस." शेवटची दोन वाक्यं नवशिके हमखास गाळतात, कारण टूल काय देतं ते लिहायची सवय असते, मिळालं नाही तर काय करायचं ते कोण लिहितो.

पॅरामीटरचं पण तसंच. सर्व्हरच्या मेंबर रोसेटमध्ये (मेंबरांच्या यादीच्या तक्त्यात) ट्री ऑपरेशन, म्हणजे उतरंडीतले कोणते नातेवाईक हवेत ते, आकड्यांत असतं, मुलं 1, भावंडं 2, पालक 4, स्वतः 8, सगळे वंशज 16, पूर्वज 32, आणि बेरीज करून एकत्र मागता येतं. एजंटपुढे हे आकडे ठेवू नका, शब्दच ठेवायला लावा डेव्हलपरला (थोडं भांडावं लागतं, भांडा). आणि वंशजांवर मर्यादा हवीच, अ‍ॅडव्हेंचर वर्क्ससारख्या खेळण्यातल्या डेटामध्येसुद्धा 18,484 कस्टमर आहेत, ते सगळे कॉन्टेक्स्टमध्ये (मॉडेलला एका वेळी वाचता येणाऱ्या मजकुरात) ओतले तर पुढचं बोलायलाच नको. यादी अर्धवट दिली असेल तर तसं उत्तरातच लिहून यायला हवं, नाहीतर एजंट तीच पूर्ण समजतो.

"लेव्हल 0" असं नुसतं कधीच लिहू नका. अ‍ॅनालिसिस सर्व्हिसेसमध्ये ती सगळ्यात वरची पातळी, ओरॅकल एसबेस या तशाच दुसऱ्या डेटाबेसमध्ये सगळ्यात खालची, लीफ. तसंच पहिली तिमाही. आपल्याकडे आर्थिक वर्षाची एप्रिल ते जून, कॅलेंडरची जानेवारी ते मार्च, आणि अ‍ॅडव्हेंचर वर्क्सचं फिस्कल वर्ष जुलैत सुरू होतं! कुठली हायरार्की कशासाठी ते मेटाडेटाच्या डिस्क्रिप्शनमध्ये भरून घ्या. ते बहुतेक क्यूबमध्ये रिकामं असतं, आणि भरायला बिझनेसवाल्यांच्या मागे लागणं हा तुमच्या कामाचा अर्धा भाग आहे हे कोणी आधी सांगत नाही.

लिहून झालं की मुद्दाम खोडसाळ प्रश्नांची यादी करा, दोन अर्थांचे, चुकीच्या स्पेलिंगचे, क्यूबमध्ये नसलेल्या गोष्टींचे, आणि वर्णनातला एक शब्द बदलला तरी ती सगळी यादी परत चालवा.

एमडीएक्स यायला हवी का? लिहिता नाही आली तरी चालेल पण वाचता यायलाच हवी. सरावाला एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर एडिशन फुकट आहे, फक्त अ‍ॅनालिसिस सर्व्हिसेस इन्स्टॉल करताना मल्टीडायमेन्शनल मोड निवडा, डीफॉल्ट टॅब्युलर (दुसरा, तक्त्यांचा मोड) असतो आणि तो नंतर बदलता येत नाही, पुन्हा दुसरं इन्स्टन्स टाकत बसावं लागतं.