डाळिंबाची पानगळ करताना या चुका टाळा

दर बहाराला तेच. फोटो येतो, खाली मेसेज, "दादा पानं गळंनात, डोस वाढवू का?" अरे बाबा, ताण किती दिवस दिला, म्हणजे पाणी किती दिवस तोडलं, ते सांग आधी!

सगळ्यात मोठी चूक हीच, ताण न बसलेल्या बागेवर इथ्रेल (पानं गाळायचं औषध) मारणं. हिरव्यागार पानातून ऑक्झिन (झाडाचं वाढीचं संप्रेरक) देठाकडे वाहत असतं आणि ते चालू आहे तोवर देठाच्या बुडाचा, पान जिथून तुटतं तो थर इथिलीन वायूला दाद देत नाही. पाणी तोडलं की मुळांकडून येणारं सायटोकायनिन (पान हिरवं ठेवणारं संप्रेरक) घटतं, पान म्हातारं होऊन पिवळं पडतं, ऑक्झिन आटतं आणि मग कुठे इथ्रेलमधून सुटणारा हा इथिलीन वायू पान तोडतो. मुरमाड रानात महिनाभरात ताण बसतो, काळ्या रानात जास्त वेळ लागतो, त्याला इलाज नाही.

मी पण शहाणपणा केलाय. हस्त बहार, परतीचा पाऊस हटेना, बाग हिरवीगार, तरी शेजाऱ्यानं मारलं म्हणून मीही मारलं, लिटरला 2 मिली. चार दिवसांत निम्मी पानं पण गळाली नाहीत म्हणून परत तेवढंच, तेही भर दुपारी. पानं गेली, पण सोबत शेंडे वाळून काड्या झाल्या आणि कळी यायच्या जागाच गेल्या. तेव्हापासून आधी एकाच ओळीवर 1 मिलीनं मारतो, चार दिवस बघतो, मग बाकी बाग, तीही संध्याकाळी. लोक हसतात, हसू देत.

टाकी कालवून जेवायला जाऊ नका. इथ्रेल आंबट पाण्यातच टिकतं, पीएच 5 च्या वर गेला की वायू टाकीतच सुटायला लागतो.

जीए (जिबरेलिक ॲसिड, हेही वाढीचं संप्रेरक) पावडर थेट पाण्यात टाकू नका, आधी अल्कोहोलमध्ये विरघळवा.

खालची पानं पिवळी दिसली की लगेच 6-बीए (बाटलीतलं सायटोकायनिन) मारायचं हे पण बंद करा, नत्र कमी असेल तर सायटोकायनिन काय करणार?

आणि 2,4-डी या तणनाशकाचा पंप! ते पण ऑक्झिनच, फक्त बनावट आणि झाडाला न आवरणारं. तो पंप नुसता विसळून कपाशीवर फवारला की पानं भेंडीसारखी होतात आणि माणूस व्हायरस समजून आणखी चार औषधं मारत बसतो. माझ्या तणनाशकाच्या पंपाला लाल रंग फासलाय, गोठ्यात टांगलेला असतो, कुणी मागितला तरी देत नाही.