एकाच रास्पबेरी पायवर अनेक होमब्रिज: प्रत्येकाची स्वतंत्र सर्व्हिस कशी लावावी

इतर कंपन्यांची उपकरणं ॲपलच्या होम ॲपला जोडून देणारं होमब्रिज वापरणाऱ्या घरात एक तक्रार हमखास ऐकू येते: सकाळपर्यंत सगळं चालू होतं आणि दुपारी होम ॲपमधल्या झाडून सगळ्या टाइलवर ‘नो रिस्पॉन्स’ आलं. बिघडलेलं असतं एकच प्लगइन (एखाद्या प्रकारची उपकरणं होमब्रिजला जोडणारा जोड-प्रोग्रॅम), बहुतेक वेळा एखाद्या कंपनीच्या क्लाउडवर लॉगिन करणारं. पण सगळी प्लगइन एकाच प्रोसेसमध्ये चालत असतात, त्यामुळे ते पडलं की देवघरातला दिवा आणि हॉलमधला पंखाही त्याच्याबरोबर जातो. यावरचा पक्का उपाय म्हणजे एकाच मशीनवर दोन-तीन होमब्रिज चालवणं, प्रत्येक आपापल्या सर्व्हिसमध्ये, म्हणजे मशीन आपोआप सुरू करून मागे चालवत ठेवतं अशा प्रोग्रॅममध्ये. रास्पबेरी पाय ४ सारखं छोटं मशीन हे काम आरामात पेलतं.

घरातली उपकरणं आयफोनवरून चालवायची यंत्रणा, म्हणजे होमकिट, ॲपलने २०१४ मध्ये जाहीर केली. होमकिटचा शिक्का नसलेली उपकरणं आयफोनला दिसावीत म्हणून नोड.जेएसवर लिहिलेला मुक्त स्रोत प्रोग्रॅम म्हणजे होमब्रिज. तुमचं पहिलं होमब्रिज आधीच चालू आहे, असं धरून पुढे जाऊ.

आधी चाइल्ड ब्रिजचा विचार करा

होमब्रिजच्या १.३ आवृत्तीपासून चाइल्ड ब्रिजची सोय आहे. वेब इंटरफेसमध्ये प्लगइनच्या मेनूत जाऊन ती चालू केली की ते प्लगइन वेगळ्या प्रोसेसमध्ये जातं आणि होम ॲपमध्ये वेगळा ब्रिज (उपकरणांना होम ॲपशी जोडणारा दुवा) म्हणून जोडलं जातं. एखादंच प्लगइन त्रास देत असेल तर एवढ्यावर काम भागतं. मग पुढचा खटाटोप करू नका.

पण चाइल्ड ब्रिज मुख्य होमब्रिजच्याच पोटात राहतो. होमब्रिज अपडेट केलं की सगळ्यांना नवी आवृत्ती घ्यावी लागते आणि मुख्य सर्व्हिस रीस्टार्ट केली की सगळे रीस्टार्ट होतात. घरातलं रोजचं काम न अडवता नवं प्लगइन तपासायचं असेल, एका प्लगइनला जुनीच आवृत्ती मानवत असेल, किंवा कॅमेऱ्यांचा पसारा पूर्ण बाजूला काढायचा असेल, तर स्वतंत्र सर्व्हिसच हवी. उपकरणांच्या संख्येचाही प्रश्न असतो. होमकिटमध्ये एका ब्रिजला स्वतःला धरून १५० ॲक्सेसरींची मर्यादा आहे, म्हणजे हाताशी १४९ उरतात.

वाटणी खोल्यांप्रमाणे करू नका

बहुतेक जण वाटणी करताना बेडरूमचा एक ब्रिज, हॉलचा एक असा विचार करतात. माझा याला ठाम विरोध आहे. खोल्या होम ॲपमध्ये लावताच येतात, त्यासाठी ब्रिज तोडायची गरज नाही. वाटणी करायची ती कोण किती वेळा पडतं हे बघून.

माझ्या मते तीन गट पुरतात. पहिल्यात घरातल्या वायफायवरूनच बोलणारे दिवे, पंखे आणि स्विच. यांना इंटरनेट लागत नाही आणि हे सहसा पडत नाहीत, म्हणून या गटाला हात लावायचा नाही. दुसऱ्यात कॅमेरे. कॅमेऱ्याचं चित्र तयार करायला एफएफएमपेग (व्हिडिओचं रूपांतर करणारा प्रोग्रॅम) लागतं, ते प्रोसेसर खातं आणि स्नॅपशॉट यायला उशीर झाला की त्या ब्रिजवरचं बाकी सगळं रेंगाळतं. तिसऱ्यात क्लाउडवर अवलंबून असलेली प्लगइन, म्हणजे एसी, रोबोट व्हॅक्यूम वगैरे. कंपनीने लॉगिनची पद्धत बदलली की ही पडणार, हे गृहीतच धरायचं. पहिला गट आहे त्याच होमब्रिजमध्ये राहू द्या आणि बाकीचे दोन बाहेर काढा.

जागा तयार करणे

खालच्या आज्ञा वाचायला सोप्या जाव्यात म्हणून उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लिपीत, इंग्रजी आकड्यांसह आणि लहान अक्षरांत टाइप करायच्या. कॅपिटल अक्षर जिथे लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

मशीनवर नोड.जेएसची एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणारी) आवृत्ती सगळ्या सिस्टिमसाठी बसवलेली हवी. ‘विच नोड’ ही आज्ञा दिल्यावर उत्तरात /यूएसआर/बिन किंवा /यूएसआर/लोकल/बिन असा रस्ता आला पाहिजे. एनव्हीएमने (नोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाने) बसवलेलं नोड तुमच्या होम फोल्डरमध्ये असतं. हाताने चालवताना ते सापडतं, पण सर्व्हिसला सापडत नाही. रास्पबेरी पायसाठी होमब्रिजची जी तयार इमेज मिळते, तिच्यातलं नोडही /ऑप्ट/होमब्रिजच्या आत ठेवलेलं असतं. तेव्हा ती इमेज वापरत असाल तरी नोड वेगळं बसवून घ्या. दोघांचं भांडण होत नाही.

आता एक वेगळा युजर तयार करा. रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून होमब्रिज चालवू नये, कारण प्लगइन कोणीही लिहिलेली असू शकतात.

सुडो ॲडयुजर --सिस्टिम --ग्रुप --होम /एसआरव्ही/ब्रिज ब्रिज

मग त्या युजरच्या नावाने प्रत्येक गटाचं फोल्डर:

सुडो --युजर=ब्रिज एमकेडिर /एसआरव्ही/ब्रिज/कॅमेरा /एसआरव्ही/ब्रिज/क्लाउड

‘सीडी’ने कॅमेरा फोल्डरमध्ये जा आणि ओळीने या दोन आज्ञा द्या:

सुडो --सेट-होम --युजर=ब्रिज एनपीएम इनिट --येस

सुडो --सेट-होम --युजर=ब्रिज एनपीएम इन्स्टॉल होमब्रिज होमब्रिज-कॅमेरा-एफएफएमपेग

पहिली आज्ञा गाळू नका. तिने पॅकेज.जेसन ही फाइल तयार होते आणि एनपीएमला (नोडची पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रॅमला) कळतं की सामान इथेच उतरवायचं आहे. दुसऱ्या आज्ञेने होमब्रिज आणि प्लगइन दोन्ही याच फोल्डरच्या आत बसतात. क्लाउडच्या फोल्डरमध्येही हेच करा, फक्त प्लगइन त्या गटाची. प्रत्येक गटाकडे आता स्वतःचं होमब्रिज आहे, स्वतःच्या आवृत्तीसह. डिस्कवर थोडी जास्त जागा जाते, पण एकाची आवृत्ती दुसऱ्याच्या वाटेला जात नाही.

चार किल्ल्या, ज्या कधीच सारख्या नसाव्यात

प्रत्येक फोल्डरमध्ये कॉन्फिग.जेसन ही फाइल लागते. तिच्यातल्या ‘ब्रिज’ या भागात चार गोष्टी असतात: नेम, युजरनेम, पोर्ट आणि पिन. इथे घाई करू नका. अनेक होमब्रिज चालवताना होणारा गोंधळ बहुतेक इथेच होतो.

युजरनेम हे लॉगिनचं नाव नव्हे. मॅक ॲड्रेससारख्या सहा जोड्यांचा हा ओळखक्रमांक आहे आणि आयफोन ब्रिजला यावरूनच ओळखतो. दोन ब्रिजचा हा क्रमांक सारखा असला की फोनच्या दृष्टीने तो एकच ब्रिज. मग कधी हा सापडतो, कधी तो. कॅमेऱ्यासाठी ०२:११:२२:३३:४४:०१ आणि क्लाउडसाठी ०२:११:२२:३३:४४:०२ ठेवा. सुरुवात ०२ने करण्यामागे कारण आहे: ही जोडी स्थानिक वापरासाठीच्या पत्त्यांमध्ये मोडते, त्यामुळे घरातल्या कुठल्याही यंत्रावर कारखान्यातून आलेल्या पत्त्याशी टक्कर होत नाही.

पोर्ट प्रत्येकाचा वेगळा हवा, उदाहरणार्थ ५१८३१ आणि ५१८३२. पिन तीन-दोन-तीन अशा आकड्यांचा असतो. सगळे आकडे सारखे असलेला किंवा १२३-४५-६७८ असा सरळ पिन होमकिटच्या नियमात बसत नाही. नेममध्ये ‘कॅमेरा ब्रिज’ असं काही लिहा, म्हणजे होम ॲपमध्ये जोडताना कोणता कोणता ते कळेल.

या भागाखाली ‘प्लॅटफॉर्म्स’मध्ये प्लगइनची माहिती येते. आधीच्या होमब्रिजच्या कॉन्फिगमधून त्या प्लगइनचा तेवढाच तुकडा कापून इथे आणा. संपूर्ण फाइल उचलून आणू नका. ‘पर्सिस्ट’ नावाचं फोल्डर तर अजिबात आणू नका, त्यात जुन्या ब्रिजची जोडणी आणि किल्ल्या असतात. जुन्या फाइलमधून तो तुकडा काढायला विसरलात, तर होम ॲपमध्ये प्रत्येक कॅमेरा दोनदा दिसेल.

जेसनमध्ये एक स्वल्पविराम जास्त झाला तरी होमब्रिज सुरू होत नाही. आधी तपासून घ्या:

पायथॉन३ -एम जेसन.टूल कॉन्फिग.जेसन

फाइल नीट असेल तर ती पडद्यावर उमटते, नसेल तर चुकीच्या ओळीचा क्रमांक मिळतो. फाइलची मालकी ‘ब्रिज’ युजरकडे आहे ना, तेही पाहा. सुडो लावून नॅनो या एडिटरने तयार केलेली फाइल रूटच्या नावावर राहते, ती ‘सीएचओन’ने बदलून घ्या.

एकच सर्व्हिस फाइल, हवे तितके ब्रिज

दोन ब्रिजसाठी दोन सर्व्हिस फाइली लिहायची गरज नाही. सिस्टिमडीमध्ये (लिनक्सवर सर्व्हिस सांभाळणाऱ्या यंत्रणेत) साचा ठेवता येतो. फाइलच्या नावात @ हे चिन्ह घातलं की ती साचा होते आणि फाइलच्या आत जिथे %आय लिहिलं असेल तिथे चालवताना दिलेलं नाव जाऊन बसतं. /ईटीसी/सिस्टिमडी/सिस्टिम या फोल्डरमध्ये ब्रिज@.सर्व्हिस नावाची फाइल तयार करा. चौकटी कंसातली तीन नावं आणि बरोबरच्या चिन्हाआधीचे शब्द कॅपिटलने सुरू होतात. जोडशब्दात दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षरही कॅपिटल. बाकी सगळं लहान अक्षरांत.

[युनिट]
वॉन्ट्स=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट
आफ्टर=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट

[सर्व्हिस]
युजर=ब्रिज
वर्किंगडिरेक्टरी=/एसआरव्ही/ब्रिज/%आय
एक्झेकस्टार्ट=/एसआरव्ही/ब्रिज/%आय/नोड_मॉड्यूल्स/.बिन/होमब्रिज --युजर-स्टोरेज-पाथ /एसआरव्ही/ब्रिज/%आय --प्लगइन-पाथ /एसआरव्ही/ब्रिज/%आय/नोड_मॉड्यूल्स --स्ट्रिक्ट-प्लगइन-रिझोल्यूशन
रीस्टार्ट=ऑलवेज
रीस्टार्टसेक=१५

[इन्स्टॉल]
वॉन्टेडबाय=मल्टी-युजर.टार्गेट

एक्झेकस्टार्टची ओळ लांब असली तरी ती एकाच ओळीत लिहायची. तिच्यातला शेवटचा पर्याय महत्त्वाचा आहे. तो असला की होमब्रिज फक्त दिलेल्या फोल्डरमधली प्लगइन उचलतं, मशीनवर इतरत्र पडलेली नाही. रीस्टार्टसेक १५ ठेवण्यामागेही हिशोब आहे. एखादी सर्व्हिस १० सेकंदांत पाचपेक्षा जास्त वेळा सुरू व्हायला लागली की सिस्टिमडी मूळ सेटिंगप्रमाणे तिचा नाद सोडून देतं. १५ सेकंदांचं अंतर ठेवलं की ती वेळ येतच नाही.

आता सुरू करा:

सुडो सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड

सुडो सिस्टिमसीटीएल एनेबल --नाऊ ब्रिज@कॅमेरा

सुडो जर्नलसीटीएल --फॉलो --युनिट=ब्रिज@कॅमेरा

तिसऱ्या आज्ञेने लॉग डोळ्यांसमोर धावू लागतो. सगळं ठीक असेल तर त्यात क्यूआर कोड आणि पिन दिसतो. होम ॲपमध्ये अधिकचं चिन्ह दाबून ‘ॲड ॲक्सेसरी’ निवडा आणि कोड स्कॅन करा. ही ॲक्सेसरी प्रमाणित नाही असा इशारा येईल, तरी जोडा म्हणून पुढे जा. कॅमेरा नीट दिसायला लागला की मगच क्लाउडची सर्व्हिस सुरू करा.

ब्रिज सापडलाच नाही तर आधी फोन पाहुण्यांच्या वायफायवर तर नाही ना, ते पाहा. ब्रिज स्वतःची घोषणा एमडीएनएसने (घरच्या नेटवर्कवर उपकरणं एकमेकांना सापडण्याच्या पद्धतीने) करतो आणि गेस्ट नेटवर्कवर ती पोचत नाही. मशीनवर फायरवॉल असेल तर यूडीपी ५३५३ आणि तुमचे ब्रिजचे पोर्ट टीसीपीवर उघडावे लागतात.

नव्या ब्रिजवर आलेलं उपकरण होम ॲपला कोरं, नवं वाटतं. त्याची खोली, नाव, सीन आणि ऑटोमेशन सगळं जुन्याबरोबर जातं. ते परत बसवण्यात बराच वेळ जातो, म्हणून हलवण्याआधी ऑटोमेशनचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि एका वेळी एकच प्लगइन हलवा.

लाइट गेल्यावर काय होतं

आपल्याकडे हा प्रश्न मुद्दाम विचारायला हवा. लाइट परत आली की पाय लगेच उठतो, राउटर सावकाश उठतो आणि इंटरनेट त्याच्याही नंतर येतं. नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट एवढंच सांगतं की मशीनला घरातल्या नेटवर्कवर पत्ता मिळाला. बाहेरचं जग लागलं की नाही, हे त्याला कळत नाही. काही क्लाउड प्लगइन अशा वेळी एकदा लॉगिनचा प्रयत्न करतात, फसतात आणि तशीच बसून राहतात. प्रोसेस जिवंत असते, त्यामुळे रीस्टार्टचा नियमही लागू होत नाही.

यासाठी फक्त क्लाउडच्या ब्रिजला थोडं थांबवायचं. ‘सुडो सिस्टिमसीटीएल एडिट ब्रिज@क्लाउड’ ही आज्ञा दिली की त्या एका ब्रिजपुरती जोड-फाइल उघडते. तिच्यात सर्व्हिस विभागाखाली एक्झेकस्टार्टप्री=/बिन/स्लीप ६० एवढी एक ओळ लिहा. ६०च्या फार पुढे जाऊ नका, कारण सर्व्हिस सुरू व्हायला सिस्टिमडी साधारणपणे ९० सेकंदच वाट पाहतं. कॅमेरे आणि दिवे तोवर कामाला लागलेले असतात. वाटणी बिघाडाप्रमाणे केल्याचा फायदा नेमका इथे मिळतो.

राउटरमध्ये पायचा पत्ता पक्का करून ठेवा. शक्य असेल तर पाय आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. अचानक वीज जाण्याने एसडी कार्ड खराब होतं, आणि ते झालं तर एवढी मांडामांड पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

रोजची देखभाल

‘एचटॉप’मध्ये प्रत्येक होमब्रिजची प्रोसेस वेगळी दिसते. आरईएस या रकान्यात तिने किती मेमरी घेतली ते कळतं. एखाद्या ब्रिजचा आकडा दिवसेंदिवस चढतच असेल तर दोष त्याच गटातल्या प्लगइनमध्ये आहे. सगळं एकत्र असताना हे शोधणं फार कठीण जातं.

बॅकअपमध्ये प्रत्येक फोल्डरमधलं कॉन्फिग.जेसन, पॅकेज.जेसन आणि पर्सिस्ट व ॲक्सेसरीज ही दोन फोल्डर घ्या. एवढं हाताशी असेल तर नव्या कार्डावर ते जागच्या जागी ठेवून ‘एनपीएम इन्स्टॉल’ केलं की ब्रिज पुन्हा जोडावा लागत नाही, ऑटोमेशनही टिकतात.

अपडेट करताना क्लाउडचा ब्रिज आधी घ्या: त्याच्या फोल्डरमध्ये ‘ब्रिज’ युजरच्या नावाने ‘एनपीएम अपडेट’, मग ‘सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट ब्रिज@क्लाउड’. दोन-चार दिवस लॉग स्वच्छ राहिला तर कॅमेऱ्याचा. दिव्यांचा सगळ्यात शेवटी, आणि तोही घरात पाहुणे नसताना.